भीड भिकेची बहीण

अक्षय तृतीयेची गर्दी ओसरते, लग्नसराईचा माल उठतो आणि पावसाळ्याआधी दुकानाला चार निवांत दिवस मिळतात. पूर्वी हे दिवस तीर्थयात्रेचे किंवा आजोळचे असत. आता व्यापारी घरांतील तरुण चार मित्र जमवतात, पाठीवर पिशव्या बांधतात आणि हिमालयाची वाट धरतात. ही आवड निकोप आहे. वर्षभर गादीवर बसणाऱ्या देहाला चढण हवीच. आणि जेथे फोन लागत नाही, तेथे बाजारभावाची चिंताही पोहोचत नाही. मात्र या प्रवासातील एक जोखीम सामानाच्या कोणत्याही यादीत लिहिलेली नसते. तिचे नाव भीड.

उदाहरणासाठी हिमाचल प्रदेशातील हम्प्ता खिंडीची वाट घ्यावी. जून महिन्यात महाराष्ट्रातून तेथे जाणारे पुष्कळ आहेत. मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. तेथून मोटारीने जोबऱ्यापर्यंत जाऊन पुढे पायी चिक्याला मुक्काम होतो. ही उंची सुमारे ३,१०० मीटर. दुसरा मुक्काम बालू का घेरा येथे, सुमारे ३,६०० मीटरवर. तिसऱ्या दिवशी सुमारे ४,२७० मीटरची खिंड ओलांडून पलीकडे शिया गोरूला, सुमारे ३,९०० मीटरवर उतरायचे. चौथ्या दिवशी छत्रूला पुन्हा मोटाररस्ता भेटतो. खिंडीच्या अलीकडे कुल्लूची हिरवी कुरणे व भूर्जवृक्ष, तर पलीकडे लाहौलचे उघडे, पिंगट पहाड. एका दिवसात दोन निराळे प्रदेश पाहण्याचा हा योग फार थोड्या वाटांवर लाभतो.

आता हाच मार्ग हिशेबाच्या वहीत मांडून पाहावा. साधारणतः २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. मनालीहून निघालेला प्रवासी पहिल्याच रात्री हजार मीटर वर चढून झोपतो व दुसऱ्या रात्री आणखी पाचशे. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी येतो. देह या तुटीची भरपाई करतो, पण त्यास मुदत लागते. ही मुदत ज्याची त्याची निराळी असते. व्यायामाने कमावलेले शरीर किंवा तरुण वय यांच्या तारणावर ती कमी होत नाही.

या वाटेवर निघालेल्या पाच मित्रांचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पाचही जण बाजारपेठेतले, शाळेपासूनचे सोबती. सहा महिने आधी बेत ठरलेला, तिकिटे काढलेली, मार्गदर्शकाचे पैसे भरलेले. बालू का घेरा येथे दुसऱ्या संध्याकाळी त्यांतील एकाचे डोके ठणकू लागते. जेवणाची वासना राहत नाही. एकदा तंबूमागे जाऊन तो गुपचूप ओकूनही येतो. मित्र विचारतात, "काय रे, गप्प का?" तो उत्तर देतो, "काही नाही रे, ऊन लागलं असेल." तो असत्य बोलतो ते लोभाने नव्हे. आपल्या एकट्यामुळे चौघांचा बेत मोडू नये, एवढाच त्याचा हेतू असतो. मैत्रीतील हा उदारपणाच पर्वतावर घातक ठरतो.

डोकेदुखीच्या जोडीला मळमळ, अन्नावरील वासना जाणे, चक्कर किंवा फार थकवा असेल, तर तो विरळ हवेचाच त्रास मानावा व लक्षणे जाईपर्यंत वर चढू नये. ही सूचना डावलली, तर पुढे मेंदूला सूज येऊ शकते किंवा फुप्फुसांत पाणी साठू शकते. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता न येणे, बोलण्यात गोंधळ होणे, बसल्या जागी दम लागणे ही त्याची चिन्हे. तेव्हा त्वरित खाली उतरणे हाच मुख्य उपाय. त्यासाठी उजाडण्याची वाट पाहू नये व रुग्णास एकटे पाठवू नये. औषधे व प्राणवायूची नळकांडी यांनी मदत होते, पण खाली उतरण्याला ती पर्याय नाहीत.

हम्प्ताच्या वाटेवर याला एक विशेष कारण आहे. बालू का घेऱ्यापर्यंत माघारीची वाट उताराची आहे. खिंड ओलांडून शिया गोरूला पोहोचल्यावर मागे वळायचे तर आधी पुन्हा खिंड चढावी लागते, आणि पुढचा मोटाररस्ता एका दिवसाच्या चालीवर असतो. म्हणून खरे बोलण्याची शेवटची सोयीची जागा बालू का घेरा हीच.

व्यापाऱ्याला खरे तर हे शिकवावे लागू नये. भाव पडू लागल्यावर अधिक तोटा टाळण्यासाठी माल आजच काढून टाकणारा दुकानदार शहाणा समजला जातो. खरेदीला किती पैसे गेले, याचा विचार तो त्या क्षणी करीत नाही. ते पैसे दोन्ही बाजूंनी गेलेलेच असतात. पुढे काय मिळणार व काय जाणार, एवढेच तो पाहतो. पर्वतावर मात्र तोच मनुष्य भरलेल्या पैशांकडे व घेतलेल्या सुट्टीकडे पाहून पाऊल पुढे टाकतो. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण उधारीच्या व्यवहाराला जितकी लागू आहे, तितकीच येथेही आहे.

माघारीचे एक थोर उदाहरण एव्हरेस्टच्या इतिहासात आहे. गोरान क्रॉप हा स्वीडिश गिर्यारोहक आपल्या देशातून सायकलीने नेपाळला आला आणि ३ मे १९९६ रोजी कृत्रिम प्राणवायूविना शिखराखाली सुमारे १०० मीटरपर्यंत पोहोचला. परतीस उशीर होईल हे जाणून तो तेथून वळला. त्याच महिन्याच्या १० व ११ तारखांना पर्वतावरील वादळात आठ जणांचे प्राण गेले. क्रॉप २३ मे रोजी पुन्हा चढला व शिखरावर पोहोचला. जो परत येतो, त्याला पुन्हा जाता येते.

हे धैर्य ऐनवेळी सुचत नाही. त्याची तरतूद घरीच करावी लागते. बुडीत कर्जासाठी बँक आधीच रक्कम बाजूला काढते, त्याप्रमाणे प्रवासाच्या खर्चात परतीच्या मोटारीची रक्कम सर्वांच्या वर्गणीतून वेगळी ठेवावी. कोणी परतला तर त्याच्यासोबत कोण उतरेल, हे निघण्यापूर्वीच नावानिशी ठरवावे. रोज संध्याकाळी प्रत्येकाने आपली प्रकृती मोठ्याने सांगावी, आणि सुरुवात सर्वांत दणकट गड्याने करावी. म्हणजे बाकीच्यांची जीभ आपोआप सैल होते. मनालीत एक दिवस जास्त राहावे. खिंडीवर किती वाजेपर्यंत न पोहोचल्यास मागे वळायचे, हेही मार्गदर्शकाकडून आधी ठरवून घ्यावे.

आहारविहाराचे नियम पाळणाऱ्यांनी आणखी थोडा विचार करावा. जूनमध्ये मनालीकडे सूर्य सुमारे साडेसातला मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजन अवघड नाही. परंतु रात्री पाणी वर्ज्य असेल, तर दिवसाच ते थोडे थोडे करून पुरेसे प्यावे. ४,००० मीटरवर पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळते. तेव्हा उकळी आल्यावर तीन मिनिटे ते तसेच खळखळू द्यावे. आजारपणात नियमाला कोणती सवलत घ्यावी, हे गुरुजनांना विचारून निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. अर्ध्या रात्री तंबूत तो पेच पडू नये.

शेवटचे काम घरच्या वडीलधाऱ्यांचे आहे. खिंड न ओलांडता आलेल्या मुलाला पेठेत "अर्ध्यातूनच आलास होय?" असे विचारणारे पुष्कळ भेटतील. ते बोलणे त्याला आधीच ऐकू येत असते, म्हणूनच तो वर चढत राहतो. निघताना त्याच्या हातावर दही-साखर ठेवणाऱ्या आईने आणि गल्ल्यावर बसलेल्या वडिलांनी त्याला एवढेच स्पष्ट सांगावे, की बरे वाटले नाही तर परत ये, कोणी काही विचारणार नाही. आणि तो आलाच, तर खरोखरच काही विचारू नये.