तारेतला करंट कळप कसा शिकेल?

भोकरदन-जाफ्राबादकडे रानडुकरं अंधार पडल्यावरच मक्यात शिरतात. दिवसा माणूस राखणीला असतो, हे कळपाने ओळखलंय. पुढे बहुधा जाणती मादीच, मागे पिल्लं. फटाक्यांचीही चार दिवसांत सवय होते. पण थेट लाईनवरून तारेत सोडलेला करंट त्यांनी शिकायचा कसा? धक्का बसलेला जीव जागीच जातो. त्यात माणसंही मेलीत. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा. तो खाऊन कळप मागे फिरतो, पुढच्या वेळी लांबूनच जातो.

आपल्यातल्या कितीतरी जणींची शेती बटाईने आहे. करणं, करवणं, अनुमोदन हे तिन्ही आपण रोज म्हणतो. मग बटाईदाराला पोत्यांचा हिशोब विचारताना कुंपणाचंही विचारा. माझं मत, सौर कुंपणाचा निम्मा खर्च मालकिणीनेच द्यावा.