फिटनेस आहे, उताराचे काय?

पावसाळ्यात पवना धरणातून विसर्ग वाढला की रावेतच्या नदीकाठच्या सोसायट्यांत क्युसेकचे आकडे मोबाइलवर फिरू लागतात. हेच रावेतकर डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंड, हिमाचलच्या बर्फातल्या ट्रेकला निघतात, तेव्हा महिनाभर आधी धावतात, जिने चढतात, डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेतात. ज्या उतारावरून चालायचे, त्यावरच्या बर्फाची चौकशी मात्र क्वचितच होते.

विरळ हवेत तंदुरुस्ती हवीच. हिमस्खलनापुढे तिचे काही चालत नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी ‘द्रौपदी का डांडा’ शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर बर्फ कोसळला आणि 29 जणांचा बळी गेला. त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांत होत्या.

बर्फ थराथराने साचतो. खालचा एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत राहिला आणि त्यावर ताजा किंवा वाऱ्याने आणलेला बर्फ साठला, तर वरची लादी एका माणसाच्या वजनानेही सुटू शकते. सर्वाधिक धोका 30 ते 45 अंशांच्या उतारावर. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा टिकतच नाही. मोठ्या हिमवृष्टीनंतर आकाश निवळते, फोटो सुंदर येतात. जपायचे असते ते नेमके त्याच एक-दोन दिवसांत.

बर्फाखाली गाडलेला माणूस बहुधा थंडीने नव्हे, गुदमरून जातो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा फारच थोडी. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचीनवर लान्सनायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण पुढे तीन दिवसांतच त्यांचे निधन झाले. त्यांच्यासोबतचे नऊ जवान वाचले नाहीत. सातारा जिल्ह्यातील सुनील सूर्यवंशी त्यांपैकी एक. हेलिकॉप्टर येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. वाचवू शकतात ते शेजारचे सोबतीच, तेही त्यांच्याकडे संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे असेल तर.

सगळ्याच वाटा अशा उतारांखालून जात नाहीत, हे खरे. पण चंडीगडची ‘डीजीआरई’ ही संरक्षण खात्याची संस्था हिवाळ्यात जिल्हा आणि उंचीनुसार हिमस्खलनाचा इशारा देते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागणाऱ्या संयोजकांनी हा इशाराही रोज ग्रुपवर टाकावा. आणि धोका वाढला तर पैसे न कापता तारीख बदलून द्यावी. भरलेले पैसे बुडतील, सुट्टी वाया जाईल, या धास्तीनेच अनेक जण नको त्या दिवशी वर चढतात.