घरचे सिनेमे, घरचाच प्लेअर
या आठवड्यात मामांच्या डीव्हीडी-व्हीसीडी एकदाच्या हार्ड डिस्कवर उतरल्या आणि टीव्हीला कुठला प्लेअर जोडायचा, यावर घरात खल सुरू झाला. दुकानदार फोर-केचं गुणगान गातो; पण व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, त्याला फोर-के काय उजळणार? माझं मत पक्कं आहे: सगळ्यात जुनी फाइल पेनड्राइव्हवर घालून दुकानात न्या. डीव्हीडीवरून घेतलेल्या ‘अशी ही बनवाबनवी’तल्या धावपळीत माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले, तर तो बॉक्स तिथेच ठेवून या. चित्र स्वच्छ हवं, डीटीएस आवाज वाजायला हवा आणि इंटरनेट बंद असतानाही सिनेमा लागायला हवा. फुकट मिळणारं ‘कोडी’ हे प्लेअर सॉफ्टवेअर हे सगळं करतं. स्वतःचा सिनेमा बघायला कुणाकडे लॉगिन करायची गरजच नाही.