ग्रीन ग्रेट ड्रॅगन का चालत नाही?

इंग्रजीत 'अ बिग रेड बस' बरोबर, पण 'अ रेड बिग बस' म्हटलं की कानाला खटकतं. का? एखाद्या इंग्रजाला विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर येईल, 'असंच असतं.'

टॉल्किनचंही तेच झालं. सातेक वर्षांचा असताना त्याने ड्रॅगनची गोष्ट लिहिली. आई म्हणाली, 'ग्रीन ग्रेट ड्रॅगन' नाही, 'ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हणायचं. १९५५ साली कवी ऑडनला लिहिलेल्या पत्रात तो हा किस्सा सांगतो, आणि असं का ते अजून कळलेलं नाही असंही म्हणतो. आणि हे कोण म्हणतंय? ऑक्सफर्डमधला इंग्रजीचा प्राध्यापक!

पुढे मार्क फोरसिथने २०१३ च्या पुस्तकात सरळ यादीच दिली: मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलंय, कशासाठी. २०१६ मध्ये तो उतारा ट्विटरवर तुफान फिरला. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, तेही चकित झाले. आयुष्यभर नियम पाळला, पण तो आहे हेच माहीत नव्हतं! आणि नियमालाही पळवाटा आहेतच. यादीप्रमाणे 'बॅड' आधी यायला हवं, पण गोष्टीतला लांडगा मात्र 'बिग बॅड वुल्फ'.

आता मराठीत बघा. 'छान मोठं जुनं लाकडी कपाट.' उलटं करा: 'लाकडी जुनं मोठं छान कपाट.' कसंतरीच वाटतं ना? शाळेत हे कुणी शिकवलं होतं? वस्तूच्या अंगचा गुण नामाला चिकटून राहतो आणि आपलं मत लांब उभं राहतं. क्रम सगळ्या भाषांत तंतोतंत एक नसेल, पण आपल्या कानाला हे गणित आधीपासून येतं.

म्हणून मराठी माध्यमातून आलेली हुशार पोरं इंटरव्ह्यूआधी असल्या याद्या घोकतात, आणि चुकेल या भीतीने मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाहीत, ते बघून वाईट वाटतं. अरे, ही यादी म्हणजे कोड चालू झाल्यावर कुणीतरी सावकाश लिहिलेलं डॉक्युमेंटेशन आहे. ते पाठ करून कुणी बोलायला शिकत नाही. भरपूर ऐका, वाचा आणि बिनधास्त बोला. एखादं विशेषण मागेपुढे झालं, तरी समोरच्याला बस कळतेच. गप्प बसलात, तर मात्र काहीच कळत नाही.