साडीची घडी आणि मधली जागा

मागच्या सत्रात कॉलेजच्या कँटीनमध्ये एक वाद झाला. व्हिडिओ मांडणशिल्प ही कला की नुसता दिव्यांचा खेळ, असा विषय. आमचे एक मित्र म्हणाले, "चित्र असेल तर भिंतीवर लावा, सिनेमा असेल तर बसायला खुर्ची द्या. अंधाऱ्या खोलीत माणसाला उभे करून चहूबाजूंनी चित्रे सोडायची, हा कुठला न्याय?" सगळे हसले. मीही हसले. उत्तर तेव्हा सुचले नाही, ते आता देते.

माझे उत्तर म्हणजे नलिनी मलानी यांची एक कलाकृती. मलानींचा जन्म १९४६ चा, कराचीचा. फाळणीनंतर कुटुंब आधी कलकत्त्याला आणि मग मुंबईला आले. १९६९ साली त्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्या. त्याच वर्षी अकबर पदमसींनी मुंबईत चित्रकार आणि चित्रपटकार यांच्यासाठी एक कार्यशाळा काढली होती. तेथे या तरुण चित्रकर्तीने कॅमेरा हाती घेतला. तेव्हा 'हे परवाचे परदेशी खूळ' म्हणणाऱ्यांनी सन तेवढा लक्षात ठेवावा.

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाले आणि त्याच महिन्यात पाकिस्ताननेही चगाईला उत्तर दिले. आपल्याकडे पेढे वाटले गेले. मलानींना मात्र मंटोची गोष्ट आठवली. फाळणीनंतर वेड्यांचीही वाटणी होते; बिशनसिंग कुठल्याच बाजूला जायला तयार नसतो आणि दोन सरहद्दींच्या मधल्या, कुणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. 'रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग' हे मांडणशिल्प त्यातून उभे राहिले. ते १९९९ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडले गेले.

जमिनीवर टिनच्या बारा ट्रंका. त्यांत गोधड्या आणि टीव्हीचे संच, संचांवर घरदार सोडून निघालेल्या माणसांची दृश्ये. भिंतीवर अणुस्फोटाचे ढग. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया, एक या देशाची, एक त्या. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. ती घडी काही पडत नाही.

मी हे छायाचित्रांतून आणि वर्णनांतून जाणते. १९९९ साली माझा जन्मही झाला नव्हता. पण साडीची घडी मला माहीत आहे. नऊवारी असो की सहावारी, धुतलेली लांब साडी एकटीने नीट घडी होत नाही. आमच्या घरी आई पडवीच्या एका टोकाला आणि आजी दुसऱ्या टोकाला. काठाला काठ जुळवायचा, एक झटका द्यायचा आणि दोघींनी चालत एकमेकींकडे यायचे. शेवटी एकीच्या हातातली टोके दुसरीच्या हातात जातात. दोघींचा चार-चार दिवस अबोला असतो (आमच्याकडे तो बारमाही पिकतो), तरी घडीच्या वेळी दोघी पुढे येतातच. त्याला इलाज नाही. घडीचे गणितच तसे आहे.

मलानींच्या त्या दोन स्त्रियांना भिंत सोडून पुढे येता येत नाही. मग मधे कोण आहे? तुम्ही. तिकीट काढून आलेला प्रेक्षक, ट्रंकांमधून वाट काढत, नेमका त्या जागी उभा आहे जिथे साडीची टोके भेटायला हवी होती. बिशनसिंग जिथे पडला ती जागा हीच. आता माझ्या मित्राला विचारते: याचा सिनेमा केला असता तर? दोन्ही बायका एकाच पडद्यावर शेजारी शेजारी आल्या असत्या, आपण खुर्चीत बसून त्यांची कीव केली असती, मध्यंतरात चहा घेतला असता. अंतर पडद्यावर दाखवता येते. त्या अंतरात माणसाला उभे करायचे तर खोलीच लागते. खुर्ची दिली नाही ती एवढ्याचसाठी.

राहिला अंधाराचा आक्षेप. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात तो काय लख्ख उन्हात? मलानींच्या पुढच्या कामांत पारदर्शक नळकांडी फिरतात, त्यांवर आतल्या बाजूने चित्रे काढलेली असतात, आणि त्यांच्या सावल्या भिंतीवरून सरकतात. पाहणाऱ्याची सावलीही त्यांत मिसळते. उलट बाजूने चित्र काढण्याची ही रीत त्या भूपेन खक्करांकडून शिकल्या. तंत्र जुने, वीज तेवढी नवी.

मला त्यांचे सगळेच पटते असे नाही. २०१२ साली जर्मनीतल्या कासेलला मांडलेल्या 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' या कलाकृतीत ग्रीकांची कॅसांड्रा आहे, महाश्वेतादेवींची द्रौपदी आहे, फैज आहे, रिल्केही आहे. इतकी मंडळी एका खोलीत बोलू लागली की ज्याने यांतले काही वाचलेले नाही त्याच्या वाट्याला फक्त रंग येतात. साडीच्या घडीला मात्र कुठल्याही ग्रंथालयाची गरज लागत नाही. म्हणूनच मला ती थोर वाटते.

असो. प्राचार्यांना आणि कला मंडळाच्या सरांना एक विनंती आहे. येत्या स्नेहसंमेलनात आम्हाला एक वर्ग दोन दिवस अंधार करायला द्यावा. प्रोजेक्टर भूगोल विभागाकडे आहे, पडद्याला आईची जुनी पांढरी साडी मी आणते, आणि वसतिगृहात ट्रंकांना तोटा नाही.