बिल्ला कोण लावणार?

मोर्चाला गालबोट लागले की दुसऱ्या दिवशी आमच्या पुढाऱ्यांचे पत्रक ठरलेले असते. मोर्चा शांततेत निघाला होता, शेवटी काही बाहेरचे समाजकंटक घुसले, त्यांच्याशी आमचा संबंध नाही. जिल्हा बदलतो, सही बदलते, मजकूर तोच. छापखान्यात तो जुळवून ठेवलेला असावा, फक्त तारीख घालायची.

हे पत्रक खोटे असते असे मी म्हणत नाही. बाहेरचे घुसतात. कधी मुद्दाम घुसवलेही जातात. पण घुसले ते कुठून? दारावर कोण उभे होते? घरात चोर शिरला तर घरचा कर्ता माणूस गल्लीत जाऊन चोर बाहेरचा होता एवढेच सांगत फिरत नाही. चोर बाहेरचाच असायचा. कडी कुणी लावायची होती, ते सांगा.

११ ऑगस्ट २०१२ आठवावा. रमजानचा महिना. आसाम आणि म्यानमारमधल्या मुसलमानांवरील अत्याचारांच्या निषेधासाठी मुंबईत आझाद मैदानावर सभा होती. विषय रास्त होता, परवानगी होती, रोजा धरून लांबून लोक आले होते आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आले होते. त्याचे पुढे काय झाले ते सगळ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. वाहिन्यांच्या गाड्या जाळल्या, महिला शिपायांवर हात टाकला, अमर जवान स्मारकाला लाथा मारल्या. दोन जीव गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले आणि त्यांत पोलीस मोठ्या संख्येने होते. आसामातल्या छावणीत बसलेल्या माणसाला त्या सभेने काय दिले? काही नाही. त्याच्यासाठी गोळा झालेल्या हजारोंचे म्हणणे एका लाथेच्या फोटोखाली गाडले गेले. त्यानंतर कितीतरी वर्षे कोणत्याही गावात परवानगीचा अर्ज घेऊन गेले की समोरचा अधिकारी तोच फोटो आठवून बोलायचा.

बरे, यातून शिकलो असे म्हणावे तर १२ नोव्हेंबर २०२१ येते. त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ बंद पुकारला. अमरावती, मालेगाव, नांदेडला दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी अमरावतीत प्रति-बंद झाला, त्यात पुन्हा जाळपोळ, मग संचारबंदी आणि इंटरनेट बंद. बंद पुकारणाऱ्याला एक पत्रक पुरते. रस्त्यावर उतरलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला हात धरून घरी नेणारा माणूस मात्र त्या पत्रकातून निघत नाही.

आता कुणी म्हणेल, आमची जमातच भडक आहे, शिस्त तिच्या अंगी नाही. हे आमचे विरोधक म्हणतात आणि दिवाणखान्यात बसून आमचेच काही शहाणेही म्हणतात. दोघांनाही मी सांगतो, फेब्रुवारी २०१८ मध्ये औरंगाबादजवळ लिंबेजळगावला इज्तेमा झाला, त्याची व्यवस्था आठवा. लाखोंचा समुदाय. वाहनतळावर शिट्टी घेऊन उभी असलेली पोरे कोण होती? पाण्याचे नळ, वजूची जागा, संडास, हरवलेल्या म्हाताऱ्यांची चौकी, दुआ संपल्यावर कोणत्या तालुक्याची गाडी आधी काढायची याचा हिशेब, हे सगळे कुणी केले? याच मोहल्ल्यांतली पोरे. कुणी गॅरेजवर काम करणारा, कुणी वेल्डिंगवाला, कुणी बारावी नापास. महिना-महिना आधीपासून खपत होती.

मग हीच पोरे मोर्चात आली की गर्दी का होतात?

माझे उत्तर असे आहे. इज्तेम्यात गाडी लावणे ही खिदमत आहे, तिचा सवाब आहे, असे त्यांना कुणीतरी बसवून सांगितलेले असते. शिवाय प्रत्येकाला जागा नेमून दिलेली असते. मोर्चात त्यांना काय सांगतात? "आ जाना सब लोग, दोस्तों को भी लाना." बस्स. मागणी काय आहे, रस्ता कोणता, संपणार कुठे, काहीच नाही. ज्याला काम दिले नाही तो आपले काम आपणच शोधतो आणि सतराव्या वर्षी सापडणारे काम बहुधा हाताला लागणाऱ्या दगडाचेच असते.

आमच्या पुढाऱ्यांच्या डोक्यातला स्वयंसेवक वेगळाच आहे. तो साहेबांच्या गाडीपुढे पळतो, स्टेजवर धक्काबुक्की करून हार पुढे नेतो, फोटोच्या वेळी दुसऱ्या गटाच्या माणसाला कोपराने बाजूला सारतो. मी गेल्या पंधरा-वीस वर्षांत सात-आठ मोर्चांत बिल्ला लावला आहे. एका ठिकाणी पुठ्ठ्याच्या त्या बिल्ल्यावर 'स्वयंसेवक' हा शब्द इतका बारीक होता की वाचायला चष्मा लागावा, वरचा सगळा भाग नेत्याच्या फोटोने व्यापलेला. पोस्टरवर चाळीस चेहरे, स्वयंसेवक अकरा. त्या अकरांतले चौघे चहा प्यायला गेलेले.

हे काम काय असते ते ज्यांनी केले नाही त्यांना सांगतो. पहिली गोष्ट, तोंड गर्दीकडे आणि पाठ पोलिसांकडे. आमचे बहुतेक स्वयंसेवक उलटे उभे राहतात, छाती काढून पोलिसांसमोर, जणू मर्दुमकी तिथे दाखवायची आहे. गर्दीकडे पाहणाऱ्यालाच दिसते की तिसऱ्या रांगेतला मुलगा खिशात हात घालून का चालतो आहे, आणि म्हाताऱ्या चाचांना भोवळ येते आहे. दुसरी, मोर्चा तुटू द्यायचा नाही. पुढचा टेम्पो भोंगा लावून भरधाव निघाला की मधे पन्नास पावलांची पोकळी पडते आणि त्या पोकळीत जो शिरतो तो कुणाचाच नसतो. तिसरी, चौकातली उघडी दुकाने, पुतळे, दुसऱ्यांची प्रार्थनास्थळे, अशा प्रत्येक ठिकाणी आपला माणूस आधी जाऊन उभा असला पाहिजे, दगड पडल्यावर धावत जाणारा नव्हे. आणि झेंडे. हिरवा चांदताऱ्याचा झेंडा कुठल्या देशाचा नसतो हे आपल्याला ठाऊक आहे, पण रात्रीच्या बातम्यांत तो कुठल्या देशाचा होईल हेही ठाऊक आहे. तो गुंडाळून ठेवायला मुलाला प्रेमाने सांगणे हेही बिल्लेवाल्याचेच काम. मला स्वतःला याचा संताप येतो, कारण आपला झेंडा आपण का गुंडाळावा? तरी मी गुंडाळायला लावतो. मोर्चा झेंड्यासाठी काढलेला नसतो.

सर्वांत धोक्याची घडी मात्र वेगळीच असते आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. मोर्चा कलेक्टर कचेरीवर पोचतो, पाच जणांचे शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जाते. झाडून सगळे पुढारी त्या पाचांत असतात, कारण आत फोटोग्राफर असतो. बाहेर हजारो माणसे उन्हात उभी. भोंगा बंद. आत काय चालले आहे कुणी सांगत नाही. अर्धा तास, पाऊण तास. मग आतली मंडळी मागच्या दाराने गाडीत बसून जातात आणि बाहेरच्यांना मोर्चा संपला हेही कळत नाही. मी पाहिलेल्या बाचाबाचींपैकी बहुतेक या पाऊण तासात सुरू झाल्या. माईक एका शहाण्या माणसाच्या हाती ठेवा, दर दहा मिनिटांनी आतली खबर द्या, आणि शेवटी कोणत्या मोहल्ल्याने कोणत्या रस्त्याने परतायचे ते नाव घेऊन सांगा. याला पैसे लागत नाहीत.

दुसऱ्यांनी हे केलेले आपल्या डोळ्यांसमोर आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत आले आणि दहावीच्या परीक्षेच्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा, शीव ते आझाद मैदान, रात्री चालले. पाय सोललेले होते. त्या एका रात्रीने मुंबईकर त्यांच्या बाजूचा झाला. २०१६ चे मराठा मूक मोर्चे घ्या. मुली पुढे, पुढारी सर्वांत मागे, आणि पाठोपाठ रस्ता झाडणारे स्वयंसेवक. त्यांची मागणी पटो न पटो, पुढाऱ्याला मागे चालवण्याची ताकद त्या मंडळींत होती. आमच्यातही हे झाले आहे. १९ डिसेंबर २०१९ रोजी नागरिकत्व कायद्याविरुद्ध मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानावर प्रचंड गर्दी जमली आणि शांतपणे परतली. त्याच दिवशी मंगळूर आणि लखनौला माणसे मेली. दुसऱ्याच दिवशी बीड, परभणी, हिंगोलीत दगडफेक झाली. कायदा तोच होता, राग तोच होता. पोलीस वेगळे वागले हे खरे, पण सगळे श्रेय पोलिसांनाच देऊन मोकळे होणारे त्या दिवशी मैदानात घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या पोरांचा अपमान करतात.

इतिहासच हवा असेल तर खान अब्दुल गफार खानांनी १९२९ मध्ये उभे केलेले खुदाई खिदमतगार आहेत. ज्या पठाणांबद्दल इंग्रजांचे मत होते की यांना बंदुकीचीच भाषा कळते, त्या पठाणांना शपथ देऊन, लाल कुर्ते घालून, कवायत शिकवून त्यांनी निःशस्त्र उभे केले. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात गोळीबार झाला आणि गढवाली तुकडीच्या शिपायांनी निःशस्त्र लोकांवर गोळी झाडायला नकार दिला. आमच्या सभांत बादशहा खानांचे नाव मोठ्या अदबीने घेतले जाते. त्यांनी आधी कवायत घेतली होती, हे कुणी सांगत नाही.

आता सरकारकडे वळतो, कारण एकट्या पुढाऱ्यांना झोडपून मी सुटणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये सार्वजनिक मालमत्तेच्या नासधुशीसंबंधी निकाल दिला. त्यात आयोजकांनी पोलिसांना भेटून मार्ग ठरवावा, लाठ्याकाठ्या आणू नयेत, महत्त्वाच्या प्रत्येक चौकात आपले स्वयंसेवक उभे करण्याची हमी द्यावी, आणि पोलिसांनी शक्य तेवढे चित्रीकरण करावे, असे सगळे आहे. चांगले आहे. पण हमीपत्र आमच्याकडून जितक्या बारकाईने लिहून घेतात तितक्या बारकाईने ते सगळ्यांकडून घेतात का? आम्हाला अर्ज द्यायच्या आधीच १४९ ची नोटीस येते. (आता नव्या संहितेत तिचा आकडा १६८ झाला, पण पोलीस ठाण्यात अजून १४९ च म्हणतात.) इतर मिरवणुका मशिदीसमोर तासभर थांबून ढोल बडवतात, तेव्हा कुणाचे हमीपत्र कपाटातून काढले जाते?

आणि मोर्चानंतर? एका ठाण्यात मला बोलावून पुढ्यात फोटो ठेवले गेले. "तुम्ही स्वयंसेवक होता ना, मग ही पोरे ओळखा." मी नकार दिला आणि पुन्हा देईन. ज्याच्या हातातला दगड मी हात धरून खाली ठेवायला लावतो, त्याने माझे का ऐकावे? मी त्याचा मोहल्लेवाला आहे म्हणून. ज्या दिवशी मी त्याचे नाव लिहून देईन त्या दिवशी माझा बिल्ला खाकी होईल आणि पुढच्या मोर्चात माझे कुणी ऐकणार नाही. पुरावे गोळा करणे पोलिसांचे काम, कॅमेरा त्यांच्याकडे आहे. पोलिसांतही हे समजणारे होते. सुरेश खोपडे यांनी १९८८ मध्ये भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. माणसांना खबरी न करता जबाबदार करता येते, हे तिथे सिद्ध झालेले आहे.

स्त्रियांचे राहिलेच. २०१८ च्या सुरुवातीला तलाकच्या विधेयकाविरुद्ध मालेगावपासून आझाद मैदानापर्यंत मुस्लिम बायकांचे मोठमोठे मोर्चे निघाले. त्यांची मागणी मला मान्य नव्हती, तो वाद इथे नको. पण हजारो बायका शिस्तीत चालू शकतात हे सगळ्यांनी कौतुकाने पाहिले आणि मग त्यांना परत घरी पाठवून दिले. त्या बायकांच्या हाती पुढच्या मोर्चात बिल्ला कुणी दिला? १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रिया मोर्चाने गेल्या, त्यांना जमातीने काय काय म्हटले ते जुन्या लोकांना आठवत असेल. आज आंदोलन म्हटले की बायका चालतात, बसतात, मुंबईत नागपाड्याला २०२० मध्ये त्या दीड-दोन महिने दिवसरात्र बसल्या, पण माईक कधी चालू करायचा आणि गर्दी कधी हलवायची हे पुरुष ठरवतात. माझा अनुभव सांगतो की चवताळलेल्या पोरासमोर चार पुरुषांची साखळी तुटते, तिथे एक खाला "अरे, घर जा रे बाबा, तेरी माँ राह देख रही है" म्हणाली की तो खाली मान घालतो.

हे सगळे मी बैठकीत मांडले की आयोजकांचे एक उत्तर येते. स्वयंसेवकांची यादी लिहून पोलिसांकडे दिली तर काही झाल्यावर तीच नावे आधी उचलली जातील. ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. बेकायदा जमावाचे कलम असे आहे की दगड एकाने मारावा आणि गुन्हा सगळ्यांवर यावा. म्हणून माझे म्हणणे साधे आहे. मोर्चा निघण्याआधी वकील ठरलेला असावा, त्याचा फोन नंबर बिल्ल्याच्या मागे छापलेला असावा, आणि जामिनाची रक्कम स्टेज आणि बॅनरच्या खर्चाआधी बाजूला काढलेली असावी. आणि यादीत पहिले नाव अध्यक्षांनी आपल्या मुलाचे घालावे, दुसरे सेक्रेटरींनी आपल्या पुतण्याचे. ही पोरे मोर्चाच्या दिवशी पुण्याला क्लासला असतात म्हणे. त्यांना एक दिवस बोलावून घ्या, चौकात उभी करा, त्यांच्या शेजारी आमची पोरे उभी राहतील.