आळस की अध्ययन अक्षमता?

तिसरीतले मूल ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळते, फळ्यावरचे उतरवताना ओळी गाळते, तोंडी मात्र फटाफट उत्तरे देते. अशा मुलावर आळशीपणाचा शिक्का आधी बसतो, तपासणी झालीच तर मागाहून होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला आणि ती लवकर ओळखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवरही टाकली. तपासणीत आधी दृष्टी व श्रवण पाहायचे (चष्म्याने सुटणारा प्रश्न उगाच बुद्धीच्या माथी नको), मग बुद्ध्यांक, त्यानंतर वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या. खरी मेख भाषेची. घरी अहिराणी किंवा गोंडी बोलणारे मूल प्रमाण मराठीच्या चाचणीत मागे पडले, तर तो निव्वळ अपरिचयही असू शकतो. परीक्षकाने घरची भाषा विचारलीच पाहिजे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी किमान वय ८ वर्षे ठरवले, १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी सांगितली. वर्गातल्या मदतीला मात्र कागदाची गरज नाही. ठळक अक्षरांतला मजकूर, थोडा जास्त वेळ, तोंडी उत्तराची मुभा, एवढे शिक्षकाला उद्यापासूनही देता येते.